हौशी वार्ताहर

मराठीत ‘हौशी’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. एखाद्या नाटकमंडळीस हौशी म्हटले म्हणजे त्यात कौतुक असते, आणि थोडीशी सवलतही असते. मंडळी पोटासाठी हे काम करीत नाहीत, तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी, असा त्यातील भाव. हौसेला मोल नाही, असे आपली म्हण सांगते. आणि ज्याला मोल नाही त्याचा हिशेब तरी कोण मागणार? परंतु हौशी माणसाने नाटक करण्याऐवजी बातमी देण्याचे काम अंगावर घेतले तर ही सवलत त्याला द्यावी काय? नटाचा फसलेला प्रवेश प्रेक्षक घरी पोहोचेपर्यंत विसरून जातात. चुकीची बातमी मात्र ज्याच्याविषयी दिली त्याच्या मागे वर्षानुवर्षे सावलीसारखी फिरते. प्रेमापोटी हाती घेतलेले काम सत्याच्या कसोटीला उतरते काय, हा प्रश्न युरोपातील एका गीतस्पर्धेच्या रसिकांपुढे गेली पंचवीस वर्षे उभा आहे. त्यांनी तो कसा सोडविला, आणि कोठे अजून सुटलेला नाही, हे पाहण्यासारखे आहे.

ही स्पर्धा म्हणजे ‘युरोव्हिजन’. दुसऱ्या महायुद्धाच्या जखमा ओल्या असताना, सन १९५० मध्ये, युरोपातील व भूमध्य समुद्राकाठच्या अनेक नभोवाणी संस्थांनी एकत्र येऊन ‘युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन’ हा संघ स्थापन केला. दूरचित्रवाणी तेव्हा बाल्यावस्थेत होती. एका देशात चाललेला कार्यक्रम त्याच क्षणी दुसऱ्या देशात दिसू शकेल काय, हे तेव्हाचे कोडे होते; आणि ते सोडविण्यासाठी सर्वांना पाहावासा वाटेल असा एखादा कार्यक्रम हवा होता. इटलीतील सान्रेमो गावी १९५१ पासून गीतमहोत्सव भरत असे. तोच नमुना डोळ्यांपुढे ठेवून, मार्सेल बेझाँसाँ या स्विस प्रक्षेपण-अधिकाऱ्याच्या पुढाकाराने, २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे पहिली स्पर्धा झाली. सात देश आले, प्रत्येकाने दोन गाणी म्हटली, आणि यजमान देशाच्या लीस आसिया हिला विजयी घोषित करण्यात आले. त्या रोपट्याचा पुढे वटवृक्ष झाला. सन २०२५ मध्ये बाझल येथे झालेल्या स्पर्धेत ३७ देशांनी भाग घेतला, आणि ती १६ कोटी ६० लाख लोकांपर्यंत पोहोचल्याचे संघाने जाहीर केले.

एवढ्या मोठ्या सोहळ्याचे दप्तर तितकेच चोख असेल, असे कोणासही वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही. १९५६ च्या त्या पहिल्या रात्रीचे संपूर्ण चित्रमुद्रण आज कोठेही उपलब्ध नाही. ध्वनिमुद्रणाचा बराचसा भाग आणि विजयी गीत पुन्हा गाइले गेले त्या वेळची थोडीशी चित्रे, एवढेच काय ते उरले आहे. परीक्षकांनी कोणाला किती गुण दिले ते त्या वर्षी जाहीरच झाले नाही; केवळ विजेत्याचे नाव सांगितले गेले. १९६४ ची कोपनहेगन येथील स्पर्धाही संपूर्ण पाहावयास मिळत नाही. आवाज आहे, चित्रांचे काही तुकडे आहेत, एवढेच. प्रक्षेपण करणाऱ्यांच्या दृष्टीने ती एका संध्याकाळची करमणूक होती. संध्याकाळ संपली, काम संपले. तिचे मोल पुढे ज्यांना कळले ते अधिकारी नव्हते. ते घरी बसून ऐकणारे लोक होते.

वृत्तपत्रांचा दृष्टिकोनही फारसा वेगळा नव्हता. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी विजेत्याचे छायाचित्र छापावे, आपल्या देशाचा क्रमांक सांगावा, थोडी थट्टा करावी आणि पुढील मे महिन्यापर्यंत विषय मिटवावा, असा शिरस्ता. त्यात त्यांचा फार मोठा दोष होता असे नव्हे. वृत्तपत्राची जागा मोजकी असते. पण या शिरस्त्यात काय निसटते याचे एक उदाहरण पुरेसे आहे. सन १९७४ मध्ये इंग्लंडमधील ब्रायटन येथे स्वीडनच्या ‘आबा’ या चमूने स्पर्धा जिंकली आणि ते नाव जगभर झाले. त्याच रात्री पोर्तुगालचा पाउलो द कार्व्हाल्यो हा गायक अवघे तीन गुण मिळवून शेवटच्या क्रमांकाच्या चार देशांत जमा झाला. त्याच्या गाण्याची दखल कोणी कशाला घ्यावी? परंतु तीन आठवडेही उलटले नाहीत तोच, २४ एप्रिलच्या रात्री अकराला पाच मिनिटे असताना, तेच गाणे लिस्बनच्या नभोवाणीवरून लावण्यात आले. सैन्यातील बंडखोर अधिकाऱ्यांनी ठरविलेली ती पहिली खूण होती. दुसऱ्या दिवशी पोर्तुगालमधील जवळजवळ अर्ध्या शतकाची हुकूमशाही कोसळली. विजेत्याचीच नोंद ठेवणारा इतिहासकार या गाण्यापाशी कधी पोहोचलाच नसता. शेवटच्या क्रमांकाचीही आस्थेने नोंद ठेवतो तो रसिक.

हे रसिक आरंभी एकमेकांना अनोळखी होते. कोणी नभोवाणीसंचासमोर ध्वनिमुद्रक ठेवून गाणी टिपून घेई, कोणी परदेशातील ओळखीच्यांकडून तबकड्या मागवी, कोणी वहीत गुणांचे तक्ते मांडून ठेवी. १९८४ साली फिनलंडमधील साव्होनलिन्ना येथे या विखुरलेल्या मंडळींची संघटना स्थापन झाली. फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘ओजीएई’ म्हणतात, आणि तिच्या शाखा आज चाळीसहून अधिक देशांत आहेत. या शाखा वार्तापत्रे काढीत, ध्वनिफिती व चित्रफिती टपालाने एकमेकांकडे धाडीत. बातमी त्या काळी टपालाच्या वेगाने चाले. एखाद्या देशाने आपला गायक निवडल्याचे वर्तमान दुसऱ्या देशातील सभासदाच्या हाती पडेपर्यंत आठवडे लोटत. पण त्या विलंबात एक गुणही होता. लिहिणाऱ्यास विचारपूस करण्यास सवड मिळे.

मग आंतरजाल आले आणि ती सवड गेली. सन २००० ची स्पर्धा स्टॉकहोम येथे भरली आणि आंतरजालावरून तिचे प्रथमच थेट प्रक्षेपण झाले. त्याच सुमारास सीत्से बाकर हा नेदरलंड्समधील पंधरा-सोळा वर्षांचा शाळकरी मुलगा या स्पर्धेच्या बातम्या देणारे एक संकेतस्थळ सुरू करीत होता. ‘ईएससी टुडे’ हे त्याचे नाव. त्याच्यापाशी छापखाना नव्हता, भांडवल नव्हते, पत्रकारितेचे शिक्षणही नव्हते. होती ती एकच गोष्ट: वर्षातून एका रात्री लोकांच्या मनात डोकावणारा हा विषय त्याच्या मनातून वर्षभर हलत नसे, आणि आपल्यासारखे आणखी पुष्कळ असले पाहिजेत, असा त्याचा अंदाज होता. तो अंदाज खरा ठरला.

असे वार्तापीठ चालविण्यास किती श्रम पडतात याची कल्पना बाहेरच्या माणसास सहसा येत नाही. स्पर्धा मे महिन्यात होते, पण तिचा हंगाम त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. अल्बानियातील गीतमहोत्सव १९६२ पासून डिसेंबरात भरत आला आहे. फेब्रुवारीत सान्रेमो येते. स्वीडनमधील निवडफेरी १९५९ पासूनची; ती आता हिवाळ्याच्या अखेरीस लागोपाठच्या शनिवारी चालते. कोठे जनता मत देते, कोठे परीक्षक निवडतात, कोठे प्रक्षेपण संस्था स्वतःच गायकाचे नाव जाहीर करते. तीस-पस्तीस देश, तितक्याच भाषा आणि तितक्याच नियमावल्या! हे सारे एकट्याच्या आवाक्यातले नव्हे. म्हणून प्रत्येक देशात एखादा साहाय्यक शोधावा लागतो. तो दिवसा आपली नोकरी वा अभ्यास करतो आणि रात्री मातृभाषेतील जाहिराती, मुलाखती, पत्रके वाचून त्यांचा सारांश इंग्रजीत कळवितो. इंग्रजी ही यांतील बहुतेकांची मातृभाषा नसते, वाचणाऱ्यांचीही नसते. दोन परकी माणसे तिसऱ्याच्या घरी भेटावीत तशी ही भेट असते. त्यामुळे एखाद्या क्रियापदाच्या चुकीने ‘विचार चालू आहे’ याचे ‘निर्णय झाला आहे’ असे रूप होण्यास वेळ लागत नाही. या कामाबद्दल बहुतेकांना एक पैसाही मिळत नाही. मे महिन्यात यजमान शहरी जाण्यासाठी अनेक जण आपली वर्षाची रजा राखून ठेवतात, आणि प्रवासखर्चही पदरचाच असतो.

युरोपाबाहेरचा रसिकही यात मागे राहिला नाही. ऑस्ट्रेलियात ही स्पर्धा १९८३ पासून दाखविली जात आहे, आणि २०१५ मध्ये तो देश स्पर्धकच झाला. २००९ मध्ये लंडनमध्ये राहणाऱ्या विल्यम ली अॅडम्स या व्हिएतनामी वंशाच्या अमेरिकन पत्रकाराने ‘विवीब्लॉग्ज’ हा उपक्रम सुरू केला. त्याचा बाज निराळा होता. केवळ वर्तमान न देता प्रत्येक गाण्यावर मोकळेपणाने मत द्यायचे, आणि देशोदेशींच्या मित्रांना एकत्र बसवून गाण्यांना गुण द्यायचे. वार्तेच्या जोडीला अभिरुची आली, आणि वाचकवर्ग झपाट्याने वाढला. भारताशी दूरचा का होईना, एक धागा याच रसिकांच्या नोंदींत सापडतो. १९३६ साली मद्रासमध्ये जन्मलेला आणि एंगलबर्ट हंपरडिंक या नावाने प्रसिद्धीस आलेला गायक २०१२ मध्ये बाकू येथे ब्रिटनतर्फे उभा राहिला, तेव्हा तो ७६ वर्षांचा होता. २६ स्पर्धकांत त्याचा पंचविसावा क्रमांक आला. २०२३ पासून तर स्पर्धेत नसलेल्या देशांतील रसिकांनाही मत देता येते, आणि त्या सर्वांची मते मिळून एका देशाच्या मतांइतकी धरली जातात.

येथपर्यंतची कथा हौसेच्या यशाची झाली. तिच्या पुढचा भाग अधिक अवघड आहे. वार्ता आणि वावडी यांत अंतर फार थोडे असते, आणि वावडी उडविण्यास वाराही फार लागत नाही.

२२ मे २०२१ ची रात्र घ्यावी. रॉटरडॅम येथे अंतिम फेरी चालू होती. आदल्या वर्षी साथीच्या रोगामुळे स्पर्धा रद्द झालेली. १९५६ पासून असा खंड पूर्वी कधी पडला नव्हता. साहजिकच सर्वांच्या भावना हळव्या झाल्या होत्या. गुणांची मोजणी सुरू असताना इटलीच्या ‘मोनेस्किन’ या चमूतील गायक मेजावर वाकलेला क्षणभर पडद्यावर दिसला. तो मादक द्रव्य घेत होता, असा तर्क पाहता पाहता समाजमाध्यमांवर पसरला. इटली विजयी झाली, आणि विजेत्याला पत्रकारपरिषदेत पहिल्याच तासात या आरोपास उत्तर द्यावे लागले. त्याने तो साफ नाकारला, आणि वैद्यकीय तपासणीस आपण होऊन तयार झाला. मेजाखाली फुटलेल्या पेल्याच्या काचा सापडल्या. २४ मे रोजी संघाने जाहीर केले की तपासणीत काहीही आढळले नाही आणि प्रकरण मिटले आहे.

दोन दिवसांत सत्य बाहेर आले, हे खरे. पण त्या दोन दिवसांत हौशी संपादकाने काय करायला हवे होते, याचा क्षणभर विचार करून पाहावा. हजारो वाचक तेच विचारीत आहेत; मोठमोठी वृत्तपत्रे तेच छापीत आहेत. गप्प राहावे तर ‘तुम्ही आपल्या लाडक्या स्पर्धेची अब्रू झाकता’ असे लोक म्हणणार. छापावे तर एका तरुण गायकावर पुराव्यावाचून डाग पडणार. अशा वेळी एकच वाट सुरक्षित असते: जेवढे दिसले तेवढे सांगावे, जे विचारले आणि जे उत्तर मिळाले ते जसेच्या तसे द्यावे, आणि आपल्या तर्काला बातमीच्या पंगतीस बसवू नये. हे सांगण्यास सोपे आहे. अर्ध्या रात्री, आनंदाच्या कल्लोळात, कोणी पगार देत नसताना आणि कोणी जाब विचारणारा नसताना ते पाळणे कठीण आहे. व्यावसायिक पत्राला नोकरीचा आणि कायद्याचा धाक असतो. हौशी माणसाला धाक असतो तो केवळ स्वतःचा.

दुसरी अडचण याच्या उलट बाजूची आहे. रसिकाला आपल्या दैवताच्या गाभाऱ्यात प्रवेश हवा असतो. तालमी पाहण्यासाठी, कलावंतांना भेटण्यासाठी संघाने दिलेला परवाना लागतो, आणि परवाना देणारा हात तोच असतो ज्याच्या कारभाराविषयी प्रश्न विचारायचे असतात. अलीकडच्या वर्षांत तर सुरुवातीच्या तालमी वार्ताहरांना पूर्वीसारख्या खुल्या राहिलेल्या नाहीत. सीत्से बाकर याचेच उदाहरण बोलके आहे. शाळकरी वयात बातम्या देणारा हा मुलगा पुढे संघाच्या सेवेत गेला, २०११ पासून काही वर्षे स्पर्धेच्या आयोजनाचा पर्यवेक्षक झाला, आणि रॉटरडॅमच्या २०२१ च्या सोहळ्याच्या प्रमुख निर्मात्यांपैकी तो एक होता. हौसेचे असे सार्थक क्वचितच होते, आणि त्यात वावगेही काही नाही. पण ज्या दिवशी निरीक्षक आयोजक होतो त्या दिवशी निरीक्षकाची खुर्ची रिकामी होते, आणि ती भरण्यास दुसरा कोणी तरी यावा लागतो. या रसिकसमाजाचे भाग्य असे की तसा दुसरा येत राहिला.

त्याची गरजही वाढतच गेली आहे. २०२२ मध्ये संघाने जाहीर केले की दुसऱ्या उपांत्य फेरीत सहा देशांच्या परीक्षकांच्या गुणदानात अनियमितता आढळली, आणि त्यांचे गुण बाजूला ठेवण्यात आले. अशा वेळी जुन्या वर्षांचे गुणतक्ते ज्याने जपून ठेवले आहेत त्यालाच नवे आकडे नीट वाचता येतात. पन्नास वर्षांपूर्वी वहीत गुण उतरवून घेणाऱ्या त्या अनामिक श्रोत्याची थट्टा झाली असेल. त्याची वही आता साक्षीला आली. त्याच वर्षी फेब्रुवारीत, युक्रेनवरील आक्रमणानंतर, रशियाला स्पर्धेतून वगळण्यात आले. आणि डिसेंबर २०२५ मध्ये, इस्राएलच्या सहभागाच्या प्रश्नावरून, स्पेन, आयर्लंड, नेदरलंड्स, स्लोव्हेनिया आणि आइसलंड या पाच देशांच्या प्रक्षेपण संस्थांनी २०२६ च्या व्हिएन्ना येथील स्पर्धेत न येण्याचे ठरविले. गाण्याच्या मांडवात जगाचे भांडण शिरले. रसिकांत तट पडले. कालपर्यंत एकत्र बसून गाणी ऐकणारे मित्र परस्परांशी बोलेनासे झाले.

येथे हौशी वार्ताहराची खरी परीक्षा आहे. त्याने हे काम हाती घेतले ते प्रेमापोटी, आणि ज्यावर प्रेम करतो त्याविषयी अप्रिय बातमी देण्याची वेळ त्याच्यावर येते. त्याचे वाचकही प्रेमापोटीच आलेले असतात. त्यांना आनंदाचे वर्तमान हवे असते. निम्म्यांना एक बातमी खुपते, निम्म्यांना दुसरी. सर्वांना खूश करण्याचा मोह झाला की वार्तापत्राचे स्तुतिपत्र होते. आणि एका तटास जाऊन मिळाले की त्याचे भांडणपत्र होते. मधली वाट अरुंद आहे. तरीही ती वाट चालणारी माणसे आहेत. कोणत्या संस्थेने काय म्हटले, कोणत्या तारखेला म्हटले, कोणता नियम लागू होतो आणि तो पूर्वी कोणत्या वर्षी कसा लावला गेला, एवढेच ती सांगतात, आणि मत द्यायचे झाल्यास ते मत म्हणून निराळे देतात.

आज कोणी नव्याने असे वार्तापीठ मांडू म्हणेल तर साधने पूर्वीपेक्षा कितीतरी सुलभ आहेत. एका संध्याकाळी नाव नोंदता येते आणि दुसऱ्या सकाळी जगभर वाचक मिळू शकतात. मांडणे सोपे झाले, पण टिकविणे पूर्वीइतकेच अवघड राहिले. पहिल्या मे महिन्यातील उत्साह नोव्हेंबरात ओसरतो, मित्र आपापल्या संसारात गुंततात, खर्चाचा आकडा दिसू लागतो. अशी कितीतरी वार्तापीठे दोन हंगामांत बंद पडली, आणि त्यांच्याबरोबर त्यांनी जमविलेले दप्तरही नाहीसे झाले. कागद निदान माळ्यावर पडून राहतो. आंतरजालावरील जागेचे भाडे थकले की तिथला मजकूर दिसेनासा होतो. १९६४ च्या चित्रमुद्रणासाठी हळहळणाऱ्या रसिकांनी स्वतःच्या नोंदींची तीच गत होऊ देऊ नये. नवे पान उघडताना जुन्या पानांची एक प्रत सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था आधी करावी, हा पहिला धडा.

दुसरा धडा चुकीविषयीचा. चूक होणारच. ती झाली की गुपचूप खोडून टाकण्याऐवजी, अमुक दिवशी असे लिहिले होते, ते बरोबर नव्हते, असे त्याच जागी लिहावे. हौशी माणसास हे जड जाते, कारण त्याच्या मानधनाचा ऐवज म्हणजे लोकांचे कौतुक, आणि तेच कमी होईल असे त्यास वाटते. प्रत्यक्षात चूक कबूल करणाऱ्याच्याच दुसऱ्या बातमीवर लोक विश्वास ठेवतात.

हौसेला मोल नाही, ही म्हण खोटी नाही. तिचा अर्थ मात्र थोडा निराळा लावावा लागेल. जिचे मोल पैशात होत नाही तिच्यावर कोणाची मालकीही चालत नाही. लुगानोच्या त्या पहिल्या रात्री गुण कोणाला किती मिळाले हे आज कोणीही सांगू शकत नाही, कारण ज्यांचे ते काम होते त्यांना ते टिपून ठेवावेसे वाटले नाही. त्यानंतरच्या स्पर्धांविषयी शेवटच्या क्रमांकापर्यंतची हकीकत आज कोणासही सापडू शकते, यात मोठा वाटा ज्यांचे ते काम नव्हते त्यांचा आहे.